दुसऱ्याच्या निमित्ताने

इटलीच्या सिसिली बेटावर, कातानियाला उतरायला पंधरा मिनिटं उरली असताना विमानाने एक मोठं वळण घेतलं आणि पुन्हा समुद्रावर गेलं. मग आणखी एक वळण. तिसऱ्या वळणाला वैमानिकाने इटालियनमध्ये काहीतरी सांगितलं आणि सगळ्या विमानातून एकच लांब उसासा निघाला. शेजारच्या आजीबाईंना इंग्रजी येत नव्हतं, मला इटालियन. मी भुवया उंचावून विचारलं, काय झालं? त्यांनी अंगठा आणि दोन बोटं एकमेकांवर चोळली, आपल्याकडे रांगोळी सोडताना चोळतात अगदी तशी, आणि हनुवटीने खिडकीकडे खूण केली. राख. कातानियाच्या डोक्यावरची एटना, तो ज्वालामुखी डोंगर, पुन्हा उडायला लागली होती.

'उडायला लागली' असंच म्हणायला हवं. सिसिलीत डोंगर स्त्रीलिंगी आहे. एटनाला तिथले लोक नावाने फारसे हाक मारत नाहीत, 'आ मुन्ताञ्ञा' म्हणतात. डोंगरीण. घरातल्या तापट आजीबद्दल बोलावं तसं तिच्याबद्दल बोलतात: आज तिचं डोकं ठिकाणावर नाही, उद्या येईल. तिची राख म्हणजे चुलीतली राख नव्हे, दगडाची नि काचेची पूड. इंजिनाच्या उष्णतेत ती वितळते आणि पात्यांवर जाऊन पुन्हा घट्ट बसते. त्यामुळे तिने फुंकर मारली, की कातानियाचा विमानतळ मुकाट्याने बंद होतो आणि वर्षाला कोटीभर माणसांची ये-जा करणारं ते गाव हात जोडून बसतं.

आम्ही उतरलो कोमिझोला. सिसिलीच्या आग्नेय कोपऱ्यात, रागूझा जिल्ह्यात, कातानियापासून रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर. उतरताना खाली मधाच्या रंगाच्या दगडांचे बांध दिसत होते, चुना-माती न वापरता नुसते एकावर एक रचलेले. मध्ये कॅरोबची गोल झाडं, आणि समुद्राच्या बाजूला नजर जाईल तिथवर पॉलिहाऊसचं प्लास्टिक चकाकत होतं. टोमॅटो, वांगी, मिरच्यांचा मुलूख आहे हा. विमानतळ इवलासा. त्या दिवशी मात्र आमच्या आधीच चार विमानं येऊन थांबली होती आणि आतली गर्दी बघून मला दिवाळीच्या आदल्या दिवशीचा वर्धा एसटी स्टँड आठवला. कॉफीच्या काउंटरवर एकटा पोरगा. कपबशा संपल्या म्हणून तो कागदी पेल्यांवर आला होता, आणि दर पेल्याला माफी मागत होता. कागदी पेल्यात एस्प्रेसो देणं त्याला फारच लागलेलं दिसलं.

कातानियात शिकणाऱ्या भाचीला फोन लावला.

"मामा, कुठे आहेस तू?"

"कोमिझो म्हणून काहीतरी लिहिलंय."

ती हसायला लागली. "तुला बरोब्बर टाकलं की मुन्ताञ्ञाने. बसच्या रांगेत उभा नको राहू, मीच येते गाडी घेऊन. आजीची ती प्रार्थना आठवते का रे तुला, सेवाग्रामची? ती म्हणणारी माणसं तिथं टेकडीवर राहतात."

मला वाटलं, फोनमध्ये खरखर होतेय.

तिला यायला दीड तास लागणार होता. मी भिंतीला टेकून बसलो आणि डोक्यावरचं नाव वाचलं: पिओ ला तोर्रे. इटलीत विमानतळांना नावं असतात ती साधारणपणे चित्रकारांची, शास्त्रज्ञांची, खलाशांची. पिसाला गॅलिलिओ, जिनोआला कोलंबस, रोमला लिओनार्दो. ला तोर्रे ओळखीचा वाटेना, म्हणून फोनवर शोधायला लागलो. तेव्हापासून गेले कित्येक महिने हा विमानतळ काही माझ्या डोक्यातून जात नाही.

इथली धावपट्टी पहिल्यांदा झाली १९३० च्या दशकाच्या शेवटी, मुसोलिनीच्या काळात. कोमिझोच्या लोकांना कुठे उडून जायचं होतं म्हणून नव्हे. दक्षिणेला समुद्रापलीकडे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर माल्टा आहे, आणि माल्टावर ब्रिटिश होते. तळाला नाव दिलं विन्चेन्त्सो माल्योक्को या वैमानिक जनरलचं. हा पालेर्मोचा. जून १९३६ मध्ये इथिओपियात लेकेम्ती इथे इथिओपियन बंडखोरांच्या हल्ल्यात मारला गेला. दुसऱ्याचा देश बळकवायला गेलेल्या माणसाचं नाव, दुसऱ्या बेटावर बॉम्ब टाकण्यासाठी बांधलेल्या धावपट्टीला. नामकरण करणाऱ्यांनी हिशेब तरी चोख ठेवला होता.

पुढे इटालियनांबरोबर जर्मन वैमानिक आले. माल्टावर रोज उठून जे बॉम्ब पडत, त्यातले पुष्कळ इथून जात. मग १९४३ चा जुलै आला, दोस्त सैन्य सिसिलीच्या किनाऱ्यावर उतरलं, आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकनांनी हा तळ घेतला. मैदानात शंभरावर विमानं सापडली, बहुतेक मोडकी. यातली एक गोष्ट मला फार आवडते. तळ पडल्याची बातमी सगळीकडे पोचलीच नव्हती, त्यामुळे त्यानंतरही जर्मन विमानं आपल्या घरी यावं तशी बिनधास्त तिथे उतरायला येत होती. खाली बघणारे बदललेत, हे त्यांना चाकं टेकता टेकता कळे.

युद्ध संपलं, तळ हळूहळू ओस पडला. इथे मी पस्तीस वर्षं एका वाक्यात ओलांडतो, कारण त्या काळात धावपट्टीवर मुख्यतः गवत वाढलं.

७ ऑगस्ट १९८१ ला इटलीच्या सरकारने जाहीर केलं, की अमेरिकेची अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रं कोमिझोत ठेवायची. रशियाने एसएस-२० ही अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं आणली होती, नाटोने १९७९ च्या डिसेंबरात उत्तर ठरवलं होतं, आणि पश्चिम युरोपात मिळून ४६४ क्रूझ क्षेपणास्त्रं वाटायची होती. त्यातली ११२ या गावाच्या वाट्याला आली. इतकी दुसऱ्या कुठल्याच तळाला नव्हती. प्रत्येकाचा पल्ला अडीच हजार किलोमीटर. गंमत म्हणजे या क्षेपणास्त्राला धावपट्टी लागतच नाही. एका मोठ्या ट्रकवर चार नळकांडी, आणि युद्धाची चाहूल लागली की बावीस गाड्यांचा ताफा रानात जाऊन लपणार. रागूझाकडचे रस्ते दोन बांधांच्या मधून जातात, समोरून गाढवाची गाडी आली तरी एकाला मागे सरावं लागे. त्या रस्त्यांवरून हा ताफा जायचा होता. म्हणजे विमानतळ हवा होता तो केवळ कुंपण घालायला सोयीची, सरकारी, सपाट जागा म्हणून.

ला तोर्रे या गोष्टीत इथे येतो. पालेर्मोच्या कडेला एका गरीब शेतमजूर घरात १९२७ साली जन्मलेला. विशीत भूमिहीनांना घेऊन जमीनदारांच्या पडीक जमिनी ताब्यात घ्यायला गेला म्हणून दीड वर्ष तुरुंगात राहिला. कम्युनिस्ट पक्षात चढत चढत रोमच्या संसदेत पोचला, आणि तिथे बसून त्याने एका कायद्याचा मसुदा केला: माफियाचा सभासद असणं हाच गुन्हा मानायचा, आणि माफियाच्या पैशाने घेतलेली मालमत्ता जप्त करायची. तोवर बहुतेकदा खून सिद्ध झाला तरच शिक्षा, आणि खून सिद्ध व्हायला साक्षीदार जिवंत राहावा लागे. १९८१ मध्ये त्याने पक्षाकडे मागून घेतलं, मला सिसिलीत परत पाठवा. आल्या आल्या त्याने दोन्ही दोऱ्या एकत्र ओढल्या. तळ येणार म्हणजे कंत्राटं येणार, आणि सिसिलीत कंत्राट म्हटलं की ते कुणाच्या ताटात पडणार हे शेंबडं पोरही सांगेल. त्याने तळाविरुद्ध दहा लाख सह्या गोळा करायचं ठरवलं. त्या वेळी सगळ्या सिसिलीची वस्ती पन्नास लाखांच्या आसपास होती.

४ एप्रिल १९८२ ला कोमिझोत मोर्चा निघाला. गाव तीस हजारांचं, माणसं लाखाच्या घरात. त्यानंतर सव्वीस दिवसांनी, ३० एप्रिलच्या सकाळी, पालेर्मोच्या एका अरुंद गल्लीत त्याची गाडी अडवून त्याला गोळ्या घातल्या. गाडी चालवणारा सहकारी रोझारिओ दी साल्वोही मेला. माफियाच्या म्होरक्यांना पुढे शिक्षा झाल्या. कायद्यासाठी मारलं की तळासाठी, की दोन्हींसाठी, हा प्रश्न सिसिलीत अजून विचारला जातो. कायदा सप्टेंबरात मंजूर झाला, पण त्याआधी पालेर्मोत आणखी एक मोठा खून व्हावा लागला, माफियाशी लढायला सरकारने पाठवलेल्या जनरल दाल्ला किएझाचा. सह्या दहा लाखांपर्यंत गेल्या. तळ झालाच.

इथे मी फोन खिशात ठेवला आणि समोर बघत बसलो. कॉफीवाल्या पोराला कुठून तरी धुतलेल्या कपबशा मिळाल्या होत्या. त्याचा चेहरा उजळला होता.

नंतर वाचलेलं इथेच सांगून टाकतो. १९८३ मध्ये तळाच्या कुंपणाशी शांततावाल्यांचे तंबू पडले. कुठून कुठून आलेले लोक. बायकांचा एक वेगळा तळ होता, 'ला रान्यातेला', म्हणजे कोळ्याचं जाळं. त्यांनी शेजारचा जमिनीचा तुकडाच विकत घेतला. ऑगस्टात फाटक अडवून बसलेल्यांवर पोलिसांनी बेदम लाठ्या चालवल्या. आणि १९८४ च्या मार्चपर्यंत पहिली क्षेपणास्त्रं सज्ज होऊन बसली. आत अमेरिकनांनी आपलं एक गावच वसवलं: घरांच्या रांगा, शाळा, चर्च, मनोरंजनाची सोय. ८ डिसेंबर १९८७ ला रेगन आणि गोर्बाचोव यांनी वॉशिंग्टनमध्ये करार केला आणि ही अख्खी जातच मोडीत काढायचं ठरलं. मग सोव्हिएत निरीक्षक पाहुणे म्हणून कोमिझोत आले. ज्यांच्यावर सोडण्यासाठी ती ठेवली होती, त्यांनीच ती मोजली. १९९१ मध्ये शेवटचं क्षेपणास्त्र गेलं, आणि तयार, रंगवलेलं, नळाला पाणी येणारं एक गाव रिकामं उरलं.

ते पुन्हा भरलं १९९९ मध्ये. कोसोवोवरून युद्ध पेटलं, नाटोची विमानं युगोस्लाव्हियावर बॉम्ब टाकू लागली, आणि निर्वासितांची पाच हजारांवर माणसं इटलीने या अमेरिकन घरांमध्ये आणून ठेवली. क्षेपणास्त्रं सांभाळणाऱ्या सैनिकांच्या बायकांनी जिथे पडदे लावले होते, त्या खिडक्यांना कोसोवोच्या बायकांनी कपडे वाळत घातले असतील. असतील म्हणतो, कारण हे चित्र माझं आहे. पण पाच हजार माणसं म्हटली की धुणं आलंच.

तेव्हा इटलीचे पंतप्रधान होते मासिमो द'अलेमा. आठ वर्षांनी, ३० एप्रिल २००७ ला, ला तोर्रेच्या खुनाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी, हेच द'अलेमा परराष्ट्रमंत्री म्हणून कोमिझोत आले आणि नव्या नागरी विमानतळाला ला तोर्रेचं नाव दिलं गेलं. दोघं एकेकाळी एकाच पक्षातले. वर्षभराने गावात उजव्यांची सत्ता आली, २००८ मध्ये त्यांनी पाटी बदलून पुन्हा माल्योक्को केलं. मोर्चे, निषेध, सह्या. २०१४ मध्ये पुन्हा ला तोर्रे. नामांतराचं राजकारण काय असतं ते आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, पण एका विमानतळाने सात वर्षांत तीनदा पाटी रंगवावी, आणि त्यातली सहा वर्षं तिथून प्रवासी विमानच सुटू नये, हे जरा जास्तच झालं.

कारण २००७ मध्ये नाव मिळालं तरी विमानतळ सुरू व्हायला ३० मे २०१३ उजाडला. अडीच किलोमीटरची धावपट्टी तयार, टर्मिनल तयार, काचा पुसलेल्या. अडलं कुठे, तर परवान्यांत आणि पैशांत. मनोऱ्यात बसून विमानांना वाट दाखवणाऱ्या नियंत्रकांचा पगार कोणी द्यायचा, यावर कागद फिरत राहिले. मोठ्या विमानतळांचा हा खर्च सरकार उचलतं, त्या यादीत कोमिझो नव्हता. एकदाची उड्डाणं सुरू झाली ती स्वस्त तिकिटांच्या कंपनीवर भिस्त ठेवून. भराच्या वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास प्रवासी आले, मग कंपनीने फेऱ्या कमी केल्या की आकडा झपकन खाली. आता तो चालवते ती कातानियाचीच कंपनी. थोरल्या भावाच्या घरात राहणाऱ्या धाकट्याची जी गत, ती त्याची.

आणि थोरल्याला काही झालं की धाकट्याकडे धाव. १६ जुलै २०२३ च्या रात्री कातानियाच्या टर्मिनलला आग लागली, ऐन हंगामात. प्रवासी कुठे पाठवले, तर कोमिझोला. एटनाने राख टाकली, चला कोमिझोला. पंगतीत एक पाट राखून ठेवतात ना, कुणी अचानक आलंच तर म्हणून, तसा हा विमानतळ. मला राहून राहून वाटतं, की या धावपट्टीला स्वतःच्या कारणाने कुणी आलंच नाही. माल्टासाठी आले, मॉस्कोसाठी आले, कोसोवोतून आले, मीसुद्धा कातानियाला निघालेलो होतो.

भाची आली तेव्हा साडेपाच झाले होते. टेकडी जवळच होती, कानिकाराओ म्हणतात तिला. कच्चा रस्ता, दोन्हीकडे कॅरोबच्या वाळलेल्या काळ्या शेंगा पडलेल्या. त्या चिंचेसारख्या दिसतात, पण चावल्या तर गोड लागतात. वर एक पांढराशुभ्र घुमट. मी गाडीतून उतरलो नि तसाच उभा राहिलो. वर्ध्याला गोपुरीत, गीताई मंदिराच्या शेजारी, हाच घुमट आहे. आकार वेगळा असेल, घराणं तेच.

त्याची कथा अशी. निप्पोन्झान म्योहोजी हा जपानी बौद्ध पंथ. त्याचे संस्थापक निचिदात्सू फुजी १९३१ मध्ये भारतात आले आणि १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. गांधीजी त्यांना गुरुजी म्हणत. त्यांचा एक भिक्षू पुढे सेवाग्रामला आश्रमात राहिला. हातात पंख्यासारखा सपाट डफ, आणि पहाटे तो वाजवत, मंत्र म्हणत फिरायचं. जपान महायुद्धात उतरला आणि इंग्रज पोलीस त्या भिक्षूला घेऊन गेले. गांधीजींनी त्याचा मंत्र प्रार्थनेत ठेवला, तोही सगळ्यात आधी. आजही सेवाग्रामची प्रार्थना त्याच ओळीने सुरू होते: नम्यो हो रेंगे क्यो. आई मला लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून संध्याकाळी तिथे न्यायची. ती ओळ मला कितीतरी वर्षं तेलुगू वाटत असे, कारण न कळणारं सगळं आमच्या घरी तेलुगूच असायचं. आई घरी भाजी निवडतानाही ती गुणगुणे.

हिरोशिमानंतर फुजी गुरुजी आणि त्यांच्या शिष्यांनी जगभर शांतिस्तूप बांधले. राजगीरचा १९६९ चा, वर्ध्याचा १९९० च्या दशकातला. आणि क्षेपणास्त्रांच्या काळात ग्योशो मोरिशिता नावाचे त्यांच्यातले एक भिक्षू कोमिझोला आले ते इथेच राहिले. क्षेपणास्त्रं गेली, पत्रकार गेले, तंबू गेले, बायकांचं जाळं विरलं, तरी ते राहिले. १९९८ मध्ये हा स्तूप पुरा झाला. तळाच्या समोर, तळाकडे तोंड करून.

त्या दिवशी वर कुणी नव्हतं. घुमट दिवसभराच्या उन्हाने तापलेला, पायऱ्यांवर मुंग्यांची ओळ. कुणीतरी ठेवलेली चार लिंबं. आम्ही कठड्याशी जाऊन खाली बघितलं. धावपट्टी पट्टीने आखल्यासारखी. अलीकडे अमेरिकन घरांच्या पडक्या रांगा, छपरं बसलेली. पलीकडे क्षेपणास्त्रांच्या कोठारांचे गवताने झाकलेले उंचवटे. माहीत नसतं तर थडगी म्हटलं असतं. आणि टर्मिनलसमोर पाच विमानं, त्यातलं एक आमचं.

"म्हण ना ती ओळ," भाची म्हणाली. "मला आजीची चाल येत नाही."

मी म्हटली. डफ नव्हता, म्हणून कठड्यावर बोटं वाजवली. आवाज फार काही लागला नाही. तिकडे सेवाग्रामला प्रार्थना संपून कंदील घरी गेले असतील, साडेतीन तासांचा फरक.

खाली एक विमान हललं. भाचीने फोन बघितला: कातानिया उघडलं होतं. एकेक करून विमानं टोकाला जात, वळत, धावत आणि उत्तरेकडे निघून जात होती. बहुतेक रिकामी असावीत, माणसं बसने केव्हाच गेली होती. आम्ही मोजत बसलो. चार, तीन. मधल्या वेळात तिने डब्यातून स्काच्चा काढला: पातळ पोळीवर टोमॅटोचा रस्सा नि चीज पसरून, घडीवर घडी घालून भाजलेला, कडेला करपलेला. गार झाला होता, पण घड्यांच्या आत अजून ओलसर होता. दोन. एक राहिलं ते आमचं, बराच वेळ हललं नाही. कॉफीवाला पोरगा बाहेर येऊन सिगारेट पेटवताना दिसला असं मला वाटलं, पण इतक्या लांबून ते कुणीही असू शकतं.